यूव्ही टॉर्च मारून हवेतले जंतू दिसतात का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन मिळणारी यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत फिरवली तर अँथ्रॅक्ससारखे जंतू चमकताना दिसतील का. नाही दिसणार. पण कल्पना अगदीच हवेतली नाही. याच तत्त्वावरच्या एका यंत्रावर मी दोन वर्षं काम केलंय.

जिवाणूंच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असतं. त्यावर २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला की ते ३४० च्या आसपास स्वतः चमकतं, आणि तेही अतिनीलच, म्हणजे डोळ्याला न दिसणारं. तुमची टॉर्च बहुधा ३९५ ची. तिला ट्रिप्टोफॅन ढिम्म दाद देत नाही. त्यात अँथ्रॅक्सचा बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूचं कवचबंद सुप्त रूप, जेमतेम १ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग). सुटा विषाणू तर त्याहून कितीतरी लहान, तो आमच्या यंत्रालाही सापडत नसे.

यंत्र हवा बारीक धारेने ओढतं, म्हणजे कण एकेक करून येतात. लाल लेझर कण हेरतो, आकार मोजतो, की लगेच झेनॉनचे दोन दिवे पाठोपाठ लखलखतात: आधी २८०, मग ३७०. दुसरा एनएडीएचसाठी, म्हणजे जिवंत पेशीत ऊर्जेच्या देवघेवीत लागणाऱ्या रेणूसाठी.

खरी डोकेदुखी पुढे. चमकतं ते सगळं जिवंत नसतं! एकदा आलेख अचानक चढला, आम्ही हबकलो. निघालं काय, तर नव्या पोराने हवा आत जायच्या नळीजवळ आपला पांढराशुभ्र शर्ट झटकला होता. टिनोपाल दिलेला. कपडे उजळवणारं हे रसायन ३७० ला झकास चमकतं. डिझेलचा धूर, परागकण, बुरशी यांचाही तोच त्रास. त्यामुळे हे यंत्र फार तर 'काहीतरी संशयास्पद आलंय' एवढंच सांगतं. नेमकं काय, ते कळायला नमुना गोळा करून पीसीआरच, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणारी चाचणी, करावी लागते. पण ते सांगतं काही सेकंदांत, आणि त्याची किंमत तेवढ्यातच आहे.

अमेरिकेत २००१ साली टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, २२ जणांना लागण झाली, ५ दगावले. त्याच सुमारास तिथल्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने २८० आणि ३४० नॅनोमीटरचे छोटे अर्धवाहक (एलईडीसारखे) प्रकाशस्रोत बनवण्याच्या कामाला पैसा पुरवला, कारण अतिनील प्रकाश देणारी लेझरची धुडं जागोजागी बसवणं परवडणारं नव्हतं.

टॉर्च घेतलीच असेल तर चमचाभर तेलात हळद कालवून तिच्यावर मारा, मस्त हिरवट-पिवळी चमकते. २८० ची एलईडी मात्र हौसेने मागवू नका, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.