आपल्याच जळगावात एक रात्र हॉटेलात

आपल्याच शहरात एक रात्र हॉटेलात राहायचे तुम्ही प्रथमच ठरवत आहात, म्हणून सर्वांत आधी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. स्थानिक पत्त्याचे आधार कार्ड असलेल्यांना बरीच हॉटेले खोली देत नाहीत. आम्हा दोघांना एका हॉटेलच्या काउंटरवरून बॅगांसह परत यावे लागले होते, तेव्हा आगाऊ पैसे भरण्यापूर्वी फोन करून हे स्पष्ट विचारून घ्या. त्याच फोनवर त्या दिवशी तिथल्या हॉलमध्ये लग्न किंवा हळद नाही ना, याचीही खात्री करा, आणि खोली महामार्गाच्या विरुद्ध बाजूची मागा.

शक्यतो हिवाळा निवडा, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना खोलीबाहेर पाऊल टाकवत नाही. दुपारी खोली ताब्यात आली की फोन बंद करून निवांत पडा, आणि संध्याकाळी, ज्या बोलण्याला घरी कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल कधी सवड देत नाहीत, ते बोलणे सावकाश होऊ द्या. जेवणासाठी मात्र बाहेर पडा. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी हॉटेलच्या मेनूत सहसा नसते.

पहाटे मेहरूण तलावाला पायी फेरी मारा. पाण्यावरचे धुके विरेपर्यंत तिथेच बसा. वेळ उरला तर जैन हिल्सवरचे, २०१२ मध्ये सुरू झालेले गांधी तीर्थ हे गांधीजींवरील संग्रहालय पाहा, पण त्याच दिवशी पद्मालय आणि पाटणादेवी ही शहराबाहेरची देवस्थानेही उरकण्याचा मोह कृपया टाळा.