किकबॉक्सिंगमध्ये ब्लॉक केलेल्या किकला गुण मिळायला हवेत का?

गार्डवर, म्हणजे बचावासाठी वर धरलेल्या हातांवर, घेतलेली किकसुद्धा जोरात लागते, मग तिला शून्य का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगतो. खरोखर अडवलेल्या किकला गुण नकोत. पण हातावर बसलेली प्रत्येक किक ‘अडवली’ असं धरणं मला चूक वाटतं.

मी बरीच वर्षं हौशी सामने खेळलो, आता जज म्हणून बसतो. एका सामन्यात समोरच्याच्या उजव्या मिडल किक (बरगडीच्या उंचीवरच्या) मी एकामागून एक डाव्या हातावर घेत होतो. बरगडीला एकही लागू दिली नाही. तिसऱ्या राऊंडला तोच हात हनुवटीपर्यंत उचलेना, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तर सुटलाच नाही. तरीही निकाल माझ्या बाजूने लागला. दंड सुजून टम्म झाला होता आणि त्याच हाताला धरून रेफरीने मला विजयी घोषित केलं. तो निकाल मला आजही पटलेला नाही.

नडगीवर चेक केलेल्या, म्हणजे अडवलेल्या, किकबद्दल वाद नकोच. पाय उचलून नडगी आडवी घातली की मारणाऱ्याचंच हाड पणाला लागतं. एप्रिल 2014 मध्ये इस्तंबूलला ग्लोरी या व्यावसायिक किकबॉक्सिंग स्पर्धेच्या सामन्यात गोखान साकीने टायरोन स्पाँगची लो किक (पायावर मारलेली) चेक केली आणि स्पाँगचाच पाय मोडला, सामना तिथेच संपला. चेकने किक मारणारा लंगडला, तर श्रेय बचाव करणाऱ्याचं. तळहाताने वळवलेली किंवा पकडलेली किकही शून्य.

हाताचं तसं नाही. दंड म्हणजे काही ढाल नव्हे, तो शरीराचाच भाग आहे आणि पुढचा ठोसा त्याच हाताने मारायचा असतो. थायलंडमधले मुए थाई या तिथल्या लढतीच्या खेळाचे जज हे फार पूर्वीपासून ओळखून आहेत. नडगीने अडवलेली किक ते सोडून देतात, पण हातावर बसलेल्या किकने माणूस हलला, तोल गेला, तर ती मोजतात.

म्हणून जज म्हणून मी हातापेक्षा पायांकडे बघतो. किक बसल्यावर ती झेलणारा जागेवर उभा राहिला आणि लगेच उलट मारलं, तर बचाव पूर्ण झाला. पाय सरकले, कंबरेत वाकला, गार्ड फुटून स्वतःचाच ग्लोव्ह तोंडावर आपटला, तर ती किक लागली, मग मध्ये हात असो वा नसो. आवाजावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. ग्लोव्हवर बसलेली किक सगळ्यात मोठ्याने वाजते आणि प्रेक्षक त्यालाच ओरडतात. शिवाय आम्ही तिघे जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतो, एखाद्याला फक्त पाठ दिसते. किक ग्लोव्हवर बसली की बरगडीत, हे त्याला कळत नाही, पण तोल गेलेला तिन्ही बाजूंनी दिसतो.

आता तुमच्या ‘शून्य का’ या प्रश्नाचं उत्तर गुण मोजण्याच्या पद्धतीत आहे. वाको या आंतरराष्ट्रीय किकबॉक्सिंग संघटनेच्या हौशी रिंग सामन्यांत जज प्रत्येक स्वच्छ फटक्याला बटण दाबतात. तिथे अर्धा गुण नसतो आणि विचार करायला सेकंदही मिळत नाही. अशा वेळी अडवलेलं, निसटतं, नुसतं स्पर्श झालेलं सगळं बाद करणं हाच त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग. तिघांनी तिघांच्या मनाने ‘किती जोरात बसली’ हे ठरवलं तर गोंधळच होईल. ग्लोरीसारख्या व्यावसायिक सामन्यांत मात्र तीन मिनिटांचा राऊंड संपल्यावर 10 गुणांच्या पद्धतीने (राऊंड जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला कमी) निर्णय होतो, म्हणजे पूर्ण राऊंडचा परिणाम बघायला वाव असतो. तिथे हातावरच्या जड किकना माझ्या मते वजन मिळायलाच हवं. स्वच्छ बसलेल्या किकइतकं नाही, पण राऊंड बरोबरीत असेल तर पारडं झुकवण्याइतकं नक्की.

तुमचा पुढचा सामना बटणांवर मोजला जाणार असेल, तर हातावर किक मारून थांबू नका. त्या किकने समोरच्याचा गार्ड कडेला चिकटतो, कोपर खाली येतं, आणि क्षणभर डोकं उघडं पडतं. पाय जमिनीवर टेकताच ठोसा टाका. गुण त्या ठोशाचा मिळेल, आणि तिसऱ्या राऊंडला समोरच्याचा हात वर येत नाही हे तुम्हाला दिसेलच.