घराच्या भिंतीला लागून एक्स-रे सेंटर आहे. किरणं किती येतात हे सरकार कसं मोजतं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे एक्स-रे सेंटर सुरू झालं, घरात दोन वर्षांचं लेकरू आहे, आणि या किरणांवर कुणाचं लक्ष असतं की नाही तेच कळत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात एक्स-रे तंत्रज्ञ आहे, सोळा वर्षं हेच काम करतोय. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. आमच्याकडे येणारे लोक हमखास विचारतात, "काहून हो भाऊ, मशीन बंद केल्यावरबी किरनं खोलीत राह्यतेत का?" नाही राहत. बटण दाबलेलं असतं तेवढा सेकंदाचा काही भाग किरणं असतात. बटण सुटलं की संपली. रात्री सेंटर बंद असताना तुमच्या भिंतीतून काहीही येत नाही.

लक्ष ठेवण्याचं काम अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं. १५ नोव्हेंबर १९८३ ला हे मंडळ स्थापन झालं, कचेरी मुंबईला अणुशक्तीनगरात. तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून गावातल्या दंतवैद्याच्या छोट्या यंत्रापर्यंत सगळं त्याच्या अखत्यारीत येतं. तुमच्या-माझ्या घरच्यांसाठी त्याने घातलेली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (किरणांचा अंगाला मिळणारा डोस मोजायचं एकक). आम्हा काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: माती, आकाश, हवा, अन्न यांतून निसर्गच माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट देतो. छातीच्या एका फिल्मचा डोस साधारण ०.१ किंवा त्याहून कमी. तुमची १ ची मर्यादा निसर्गाच्या वाट्याव्यतिरिक्त आहे, आणि स्वतःच्या तपासणीसाठी काढलेले एक्स-रेही तिच्यात धरत नाहीत.

आता तुमच्या भिंतीकडे येऊ. मोजणी करणारा माणूस सर्व्हे मीटर, म्हणजे किरणं मोजायचं हातातलं यंत्र, घेऊन येतो. रोग्याच्या जागी पाण्याने भरलेला डबा ठेवतात, कारण किरणं माणसाच्या अंगावरून जशी चहूकडे विखुरतात तशीच पाण्यावरूनही विखुरतात. मग यंत्र चालवायचं आणि खोलीबाहेर एकेका जागी आकडा घ्यायचा: दाराच्या फटीपाशी, बाकड्यावर रोगी थांबतात तिथे, आणि शेजाऱ्याच्या भिंतीपाशी. आठवड्याला सेंटर किती काम करतं त्यावरून तिथल्या माणसाला वर्षभरात किती डोस मिळेल याचा हिशेब मांडतात. ट्यूबच्या आवरणातून होणारी गळतीही मोजतात. एक मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या (हेही किरणांच्या डोसचंच एकक) वर ती चालत नाही. दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता चाचणी करावी लागते.

नऊ इंची विटेची पक्की भिंत साधारणपणे पुरते. पण माझ्या मते तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. छातीचा एक्स-रे काढताना रोगी ज्या स्टँडला छाती टेकवून उभा राहतो, तो स्टँड कोणत्या भिंतीला आहे? थेट झोत त्या भिंतीकडे जातो, बाकी भिंतींवर नुसती विखुरलेली किरणं पडतात. स्टँड तुमच्या स्वयंपाकघराकडे असेल, तर त्या भिंतीचा आकडा बारकाईने बघा.

ऑनलाइन मिळणारा गायगर काउंटर, म्हणजे किरणं ओळखणारं छोटं यंत्र, घेऊन भिंतीला लावू नका. एक्स-रेचा झोत इतका थोडा वेळ असतो की तसलं यंत्र तो धड पकडत नाही. ते गप्प राहिलं म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि त्या निर्धास्तपणाला काही आधार नसेल.

दुसरं मोजमाप माझ्या छातीवर असतं. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांचा डोस नोंदवणारा बिल्ला. त्यात कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम मिसळून केलेल्या तीन चकत्या असतात. पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की उजेड देतात, आणि उजेड जितका जास्त तितका डोस जास्त. दर तीन महिन्यांनी बॅज वाचायला जातो. प्रत्येकाच्या डोसची नोंद नोकरी बदलली तरी त्याच्या नावावर राहते.

माझ्या पहिल्या नोकरीत, एका खासगी दवाखान्यात, आम्ही ड्युटी संपली की शिशाच्या ॲप्रनसोबत बॅजही एक्स-रे खोलीतल्याच खिळ्याला अडकवायचो. तीन महिन्यांनी माझा आकडा चढून आला. पत्र आलं: बॅज कुठे ठेवता, दिवसाला किती फिल्म काढता, ॲप्रन घालता का? मालक म्हणाले, "काहीतरी लिहून दे, अन् मिटव." मी होतं तसं लिहिलं, की माझ्या पाळीनंतर दुसरा माणूस फिल्म काढायचा तेव्हा बॅज तिथेच लटकत असे. त्या दिवसापासून बॅज खोलीबाहेर ठेवतो आणि ॲप्रनच्या आत, छातीवर लावतो. बॅज वाचणाऱ्या यंत्राला माझं शरीर दिसत नाही, फक्त बॅज दिसतो. तो बॅज खोटं बोलला तर पुढचा सगळा हिशेब खोटा. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

याशिवाय भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशभर पाचशेहून अधिक ठिकाणी हवेतला गॅमा विकिरण सतत मोजणारं जाळं आहे. पण त्याचा उपयोग मोठ्या घटनेत. तुमच्या भिंतीचं ते काही सांगणार नाही.

एक मात्र घरच्यांना जरूर सांगा. एक्स-रे यंत्र बटणाने बंद होतं, पण कोबाल्टसारखा किरणोत्सारी स्रोत कधीच बंद होत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातलं जुनं कोबाल्टचं उपकरण भंगारात गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. सिमेंट आणि कोळशाच्या उद्योगांतही असे स्रोत असलेली गेज, म्हणजे मोजमापाची उपकरणं, वापरतात, आणि आपल्याकडे हे उद्योग भरपूर आहेत. भंगारात तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेला जड डबा दिसला, तर हात न लावता दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

उद्या सेंटरवर जाऊन शांतपणे तीन गोष्टी मागा: एईआरबीची नोंदणी, गुणवत्ता चाचणीचा शेवटचा अहवाल आणि सर्व्हेचा कागद. नोंदणीचं प्रमाणपत्र बहुतेक भिंतीवरच लावलेलं असेल. यंत्र चालू असताना दारावरचा लाल दिवा लागतो का तेही बघा. कागद दाखवायला नकार मिळाला तर थेट एईआरबीकडे लिहा. कागद बघायला मिळाले, तर शेजारच्या भिंतीपुढचा आकडा इथे कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगतो.