पाकिटावरची ‘हयद’

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. फ्लेक्सच्या दुकानात दिवसाला आठ-दहा बॅनर काढतेस, सगळे सारखेच दिसतात, आणि पुण्याला गेल्याशिवाय नवं काही सुचणार नाही, असं तुला वाटतं. जावंसं वाटलं तर खुशाल जा. पण न सुचण्याचा दोष मी गावाला देणार नाही. काम आलं की तू आधी कॉम्प्युटर उघडतेस. तिथं दुसऱ्यांनी काढलेली चित्रं असतात, मग हातातून तीच उतरतात.

मीही हेच केलं होतं. समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या हळदीचं पाकीट माझ्याकडे आलं. वायगावची हळद, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, म्हणजे ते नाव दुसऱ्या भागातल्या हळदीला लावता येत नाही. मी पिवळा-हिरवा रंग घेतला, नेटवरून एक हसरा शेतकरी उचलला, वर ‘शुद्ध आणि नैसर्गिक’ लिहिलं. गटातल्या मावशींनी नमुना उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, “हे तं दुकानातली हयद दिसते. आमची नाही वाटत.”

खूप लागलं ते. मग हळद उकडायच्या दिवसांत दोन दिवस त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. कढईची वाफ, वाळत घातलेली हळकुंडं, बायांची पिवळी बोटं. लुगड्याच्या पदराला पिवळं, पाण्याच्या गुंडावर पिवळे ठसे. त्या ठशांनीच पाकीट सुचवलं: कोऱ्या कागदावर पाच बोटांचा ठसा आणि मोठ्या अक्षरांत ‘हयद’. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला कळावं म्हणून खाली ‘वायगाव हळद’. मानांकनाचं नाव आणि चिन्ह छापण्याआधी उत्पादकांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे ना, हे मात्र पाहून घेतलं. तेही आपल्याच कामात धर. मावशींनी ते पाकीट घरी नेऊन देवळीत ठेवलं. मला तेवढं पुरलं.

आता तुझ्या कृषी केंद्राच्या बोर्डाचं. तू पाठवलेल्या फोटोत मी अकरा ओळी मोजल्या. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर पुढं सरकते. तीन सेकंदांत माणूस ३३ मीटर गेला, आणि तेवढ्यात त्याला खड्डाही चुकवायचा आहे. तो चार-पाच शब्द वाचेल. कोणते, हे तू ठरवायचं, आणि ठरवण्याआधी एकदा त्याच रस्त्यानं गाडीवरून जायचं. अक्षरांचंही बघ. आपल्या लिपीत वर वेलांटी नि रफार, खाली उकार. जागा वाचवायला ओळी जवळ ओढल्यास की वरच्या ओळीचा उकार खालच्याच्या वेलांटीत घुसतो. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट फुकट मिळतात, ते टाकून बघ. ‘मंगल’ ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी जाहिरातीच्याच धंद्यातले होते. त्यांचं सुलेखन शोधून पाहा, अक्षराकडे किती वेळ बघता येतं ते कळेल.

मालक ‘एकरी अमुक क्विंटल’ लिहायला सांगेल. त्या आकड्यावर कोणी तरी कर्ज काढतं गं. नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे, पगार त्याच्याच हातात असतो. म्हणून नुसतं नाही म्हणू नकोस, त्याच्यापुढे दुसरं काही ठेव. गिऱ्हाईक त्याच्याकडेच परत का येतं, ते विचार. पावती देतो? उधारीवर बोलत नाही? बियाणं उगवलं नाही तर वावरात येऊन बघतो? यातलं जे खरं असेल ते लिही. खोटा आकडा काढून टाकलास की डोकं चालवावंच लागतं. माझं तरी सगळं बरं काम असंच झालं.

दिवाळीनंतर सवड काढून गडचिरोलीकडच्या वडशाला जा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, नाटकांची पोस्टरं आणि नावं बघ. नाव वाचताच बाईला ती आपल्या घरातली गोष्ट वाटते. ती नावं लिहिणारा याच धानाच्या बांध्यांमधून फिरलेला असतो.

येत्या बाजाराच्या दिवशी वही घेऊन ये. भाजीवाल्या बाया माल विकताना काय ओरडतात ते आपण दोघं लिहून काढू. आणि कृषी केंद्राच्या बोर्डाची दहा चित्रं पेन्सिलीनं काढून आण. पहिली सहा वाईट निघतील, तीही आण.

तुझे,
काकाजी