यूट्यूबवर टाकायची घाई नको

महोत्सवांना पाठवायचा म्हणतोस तो तुझा पिक्चर पाहिला. हळदीच्या सौद्याचा सीन झकास जमलाय. पण आधी ती यूट्यूबची लिंक प्रायव्हेट कर बाबा. मोठे महोत्सव पहिल्या खेळाचा मान स्वतःकडे ठेवतात. आपले मराठी सिनेमेच बघ: 'कोर्ट' २०१४ साली पहिल्यांदा इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात दिसला, 'साबर बोंडं' २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात, आणि बक्षिसं घेऊनच परतले. म्हणून आधी मोठ्या ठिकाणी पाठव, गावजत्रा नंतर.

सबटायटल भाच्याकडून फुकटात करून घेऊ नकोस. पिक्चरमधली आजी लाडानं 'आलास व्हय रं मुडद्या' म्हणते, तिथं खाली 'डेड बॉडी' आलंय! परदेशातला माणूस लाड कसला, मुडदाच शोधत बसेल. ओळी आखूड ठेव, अर्थ पोचव.

दुसरं, चहाच्या टपरीवर रेडिओत वाजणारं जुनं गाणं काढ, त्याचे हक्क आपल्याकडं नाहीत. माझा एक सौदा अशाच वीस सेकंदांपायी मोडला. परदेशी विक्री-एजंट, म्हणजे सिनेमा बाहेर विकून देणारा, गोष्टीचं कौतुक करतो, पण हक्कांचे कागद आधी मागतो. नटांच्या, लेखकाच्या, संगीतकाराच्या सह्या आत्ताच घे. पुढं कोण कुठं भेटतंय!

महोत्सवांची प्रवेश फी बहुतेक डॉलरमध्ये असते, दहा ठिकाणी भरली की महिन्याचं घरभाडं गेलं समज. आधी ईमेल करून सवलत मागावी, कधीकधी देतात.

आणि ऑस्करचं एवढ्यात बोलू नकोस. परभाषी विभागात देशातर्फे एकच सिनेमा जातो, तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती ठरवते. शिवाय सात दिवस थेटरात चालायला लागतो. रविवारी विश्रामबागला ये, सबटायटल घेऊन बसू.