मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत इतिहास पाहायचा असेल तर कुठे जावं?

कान्कुन या समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळाची गर्दी टाळून चार-पाच दिवसांत जुना, ग्रामीण मेक्सिको कुठे बघता येईल आणि शाकाहारी माणसाचं तिथे भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी डोळे झाकून दक्षिणेकडचं वाहाका खोरं सांगेन. इथली जुनी शहरं ज्या झापोटेक लोकांनी उभारली, त्यांचे वंशज आजही आसपासच्या गावांत राहतात. कित्येक घरांत झापोटेक भाषाच कानावर पडते.

मोंते आल्बान सगळेच बघतात, तुम्हीही बघा. इ.स.पू. 500च्या सुमारास डोंगराचा माथा सपाट करून वसवलेलं शहर आहे ते. पण अर्ध्या दिवसात ते आटपा आणि पूर्वेला मित्लाच्या रस्त्याला लागा. या रस्त्यावर जितका वेळ द्याल तितका थोडाच.

मित्ला हे झापोटेकांच्या जुन्या वाड्यांचं गाव वाहाका शहरापासून साधारण 45 किलोमीटरवर आहे. तिथल्या भिंतींवरची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी लांबून कोरल्यासारखी दिसते. जवळ जाऊन सांधे बघा: बहुतेक ठिकाणी छोटे छोटे दगड तासून, चुना न वापरता एकमेकांत बसवलेत. स्पॅनिश लोकांनी या वाड्यांच्या आवारातच चर्च उभं केलं. दोन्ही एका नजरेत दिसतात आणि मनाला लागतं. जवळच्याच गिला नाकित्झ गुहेत 6,000 वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली आहेत. आपण पावसाळ्यात भाजून खातो त्या कणसाचे हे पूर्वज.

तेओतित्लान देल व्हाये या विणकरांच्या गावात हीच मित्लाची नक्षी लोकरीच्या गालिच्यांवर भेटते. रंग कसा करतात ते आवर्जून विचारा. निवडुंगावरचा वाळवलेला किडा तळहातावर चुरडला की गर्द लाल रंग उतरतो. त्यावर लिंबू पिळलं की तो केशरीकडे झुकतो, सोड्यासारखा क्षार घातला की जांभळा होतो. स्पॅनिश राजवटीत हा रंग मेक्सिकोतून युरोपात जाणारा, चांदीच्या खालोखाल किमतीचा माल होता. गालिचा घ्यायचा असेल तर विणणाऱ्याच्या घरूनच घ्या, आणि फार घासाघीस करू नका. एकेका गालिच्यामागे कित्येक आठवड्यांचं काम असतं.

रविवार त्लाकोलुलाच्या बाजारासाठी राखून ठेवा. तिथे बायका मका आणि कोकोचं पीठ हातांनी घुसळून तेजाते करतात. वर जाड पांढरा फेस येतो आणि रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीत ते थंडगार मिळतं. जरूर प्या.

येण्याजाण्याला शेअर टॅक्सी आणि बस दोन्ही मिळतात, फक्त परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा. जेवणाचं म्हणाल तर त्लायुदा, म्हणजे घेवड्याची उसळ वाटून लावलेली आणि वर चीज घातलेली मोठी कुरकुरीत मक्याची भाकरी, तुमच्या कामाची. पण तिला डुकराची चरबी फासतात, म्हणून आधीच ‘सिन आसिएन्तो, सिन कार्ने’ (चरबी नको, मांस नको) असं सांगा. उसळही चरबीत केलेली असू शकते, तेही विचारून घ्या.