पंचवीस किलोमीटर आणि चौदा दिवस

‘सरकारने लुडबूड करू नये म्हणता, मग एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरासाठी, रस्त्यावर का उतरता? आणि सरकार बाजूला झालं तर गरिबाचं काय?’ तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मिरज तालुक्यात ऊस लावतो, म्हणून उसावरूनच बोलतो.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात एक तरतूद अशी की, कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. माल घेतलाय, पैसे टाका, एवढाच तिचा अर्थ. हे काम सरकारचंच. सरकार कमी करा म्हणणाऱ्याला कोर्टकचेरी नको असते असं कुणी सांगितलं?

त्याच आदेशात दुसरं कलम आहे. दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर हवं. राज्याला ते वाढवायची मुभा. महाराष्ट्राने २५ केलं. माझा वाद याच्याशी आहे. शेजारी नवा कारखाना येऊ शकत नाही, म्हणून जुना निवांत. तोडीसाठी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरायचं, तोडणीच्या टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्यायचे, वजनकाट्यावर शंका आली तरी गप्प बसायचं. दुसरं गिऱ्हाईक दारात असतं तर यातलं निम्मं आपोआप थांबलं असतं.

या अटीचे समर्थक म्हणतात, कारखाने वाढले तर कुणालाच पुरेसा ऊस मिळणार नाही, सगळेच आजारी पडतील. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण तोट्याची धास्ती गुंतवणूकदाराने बाळगावी. आपल्याकडे अनेक सहकारी कारखान्यांच्या कर्जाला राज्याची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकारने भरायचं, म्हणून कारखाना वाचवणं ही सरकारचीच गरज होऊन बसते आणि तिची किंमत ऊसवाला मोजतो.

एफआरपीवर मात्र तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनामागे ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ही सरकारने ठरवलेली किंमतच आहे. माझं म्हणणं एवढंच, की सरकारने गिऱ्हाईक अडवलंय तोवर दराची हमीही सरकारनेच द्यावी. आधी अंतराची अट काढा, मग एफआरपी ठेवायची की नाही यावर बोलू. उलट्या क्रमाने केलंत तर शेतकरी मरेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्याने परराज्यात ऊस न्यायलाच बंदी घातली होती. जत-मिरजेच्या सीमेवरच्या माणसाला कर्नाटकातला कारखाना सोयीचा पडतो, त्याने काय करायचं? ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. बरं, हे सगळं ज्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जोरावर चालतं, तो १९७६ पासून घटनेच्या नवव्या परिशिष्टात आहे. मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला आव्हान देणं सोपं नाही.

राहिला गरिबाचा प्रश्न. खानापूर तालुक्यातलं बळीराजा स्मृती धरण बघा. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी वाळू विकायचा हक्क मागितला आणि त्या पैशांतून बंधारा उभा केला. पाणीवाटप ठरवलं तेही समान, भूमिहीन कुटुंबांनासुद्धा. सरकारकडे मुख्य मागणी होती ती वाळूवरच्या हक्काची, आणि तेवढ्यासाठीसुद्धा त्यांना आंदोलन करावं लागलं.